तत्रीझ घेऊन कुत्यूरमध्ये: आधी भरा, मग कापा

तत्रीझ, म्हणजे पॅलेस्टिनी भरतकाम, घेऊन फॅशनमध्ये उतरत असाल, तर पोर्टफोलिओवर ‘ओत कुत्यूर’ (ग्राहकाच्या मापाने, मुख्यतः हाताने शिवलेली उंची फॅशन) लिहायची घाई करू नका. फ्रान्समध्ये हा शब्द 1945 पासून कायद्याने राखीव आहे. पॅरिसमध्ये किमान 15 पूर्णवेळ माणसांचं अटेलियर, म्हणजे शिवणकामाची कार्यशाळा, हवी, जानेवारी आणि जुलैत प्रत्येकी किमान 25 पोशाख हवेत, तेव्हा कुठे अर्ज करता येतो. पण धास्ती घेऊ नका, पॅरिस हाच एक रस्ता नाही. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसचे डिझायनर जमाल तस्लाक यांनी रोमच्या ‘आल्ता मोदा’त, म्हणजे इटलीच्या उंची फॅशनमध्ये, नाव कमावलं, तिथल्याच रामल्लात वाढलेले डिझायनर रामी काशू अमेरिकेला गेले.

खरी फसगत होते ती भरतकामात. तत्रीझ म्हणजे धागे मोजून घातलेली फुली. लिननवर ती सहज जमते. रेशमी साटनवर किंवा क्रेपवर धागे मोजता येत नाहीत, म्हणून वर 14 काउंटची (इंचाला 14 घरांची) जाळी टाचायची, फुल्या घालायच्या आणि मग जाळीचा एकेक धागा चिमट्याने ओढून काढायचा. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. चूक ही होते की कापलेल्या तुकड्यावर भरायला बसतात. प्रत्येक फुली कापड किंचित आत ओढते. दाट भरलेला छातीचा भाग आखणीपेक्षा लहान होतो, काख जुळत नाही, उरेब (तिरकी कापलेली) कड एकीकडे ताणते आणि दुसरीकडे आखडते. इस्त्रीने हे सुटत नाही. कापड वाया जातं आणि महिन्याचं कामही.

म्हणून आधी मांजरपाटावर फिटिंग पक्कं करा. अख्ख्या कापडावर शिलाईच्या रेषा कच्च्या टाक्याने उतरवा, चारी बाजूंनी 5 सेंमी माया सोडा, मागे ऑर्गंझा (पातळ, ताठ कापड) लावा, उभा धागा चौकटीला सरळ ठेवून ताणा. त्याच कापडावर 10 सेंमीचा चौकोन भरून मोजा. तो 9.8 भरला, तर 40 सेंमीच्या भागात आखणी 8 मिमीने वाढवा. भरून झालं की चौकटीवरून काढून रात्रभर मोकळं ठेवा, पॅटर्न पुन्हा लावा आणि मगच कात्री हातात घ्या. खळ लावलेली जाळी पाण्याशिवाय निघत नाही, आणि साटनवर पाण्याचा डाग पडतो. तिथे बिनखळीची जाळी वापरा, ती कोरडीच ओढता येते.

पॅलेस्टाईनच्या गावांतल्या बायकांनी यावर केव्हाच उपाय काढला होता. थोबचा, म्हणजे त्यांच्या लांब झग्याचा, छातीचा पट्टा (कब्बे) त्या वेगळा भरून मग शिवतात. थोब झिजला की तोच पट्टा नव्याला लागतो. तुम्हीही तसंच करा.

किंमत सांगण्याआधी फुल्या मोजा. 14 काउंटच्या जाळीवर 10 बाय 12 इंचाच्या दाट पट्ट्यात 23,520 फुल्या बसतात. ताशी 150 धरल्या तर 157 तास होतात. मशीनची तयार पट्टी लावून हे तास वाचवू नका, उलटी बाजू पाहिली की लगेच कळतं.

नावाजलेल्या डिझायनरच्या स्टुडिओत स्केचं लावत बसण्यापेक्षा अटेलियरच्या मुख्य कारागिरणीच्या, ‘प्रमिएर’च्या, हाताखाली सहा महिने काढा. बेथलेहेमची तहरीरी (दोरी बसवून केलेलं भरतकाम) येत असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. दोरी मांडून वरून बारीक टाक्याने बसवायचं हे काम आपल्याकडचे जरदोजी कारागीर अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, करतात, आणि पॅरिसची मोठी फॅशन घराणी मुंबईतून भरतकाम करून घेतात.

पोर्टफोलिओत प्रत्येक नमुन्याच्या उलट्या बाजूचाही फोटो लावा. धागे कसे संपवलेत ते प्रमिएर तिथेच बघते.