धर्मादाय रुग्णालयात गरीब रुग्णाला मोफत उपचार कसे मिळवून द्यावेत: नाशिक जिल्ह्यासाठी मार्गदर्शक

धर्मादाय रुग्णालयातल्या मोफत उपचारांची आठवण बहुतेक कुटुंबांना डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या खिडकीसमोर होते. तोवर दागिने गहाण पडलेले असतात, डिपॉझिट भरलेले असते आणि ‘आधी का नाही सांगितलं?’ या प्रश्नाला उत्तर नसते. म्हणून अर्ज भरतीच्या दिवशीच द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. रुग्णासाठी धावपळ करणारा नातेवाईक असो, वस्तीतला कार्यकर्ता असो की एखादी संस्था, सगळ्यांना हे लागू आहे.

हक्क नेमका कोणता

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये कलम ४१ कक आहे. ज्या ट्रस्टच्या रुग्णालयाने सरकारकडून सवलतीत जमीन, करमाफी, अनुदान असे काही घेतले आहे आणि ज्याचा वार्षिक खर्च ५ लाखांच्या वर आहे, त्याने गरिबांसाठी खाटा राखून ठेवायच्या, असे ते सांगते. हे कलम प्रत्यक्षात कसे राबवायचे, याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. तिच्यानुसार चालू खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ (बोलीभाषेत आयपीएफ) या वेगळ्या खात्यात जमा करावी लागते.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, आणि ३,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला. जुन्या फलकांवर आणि कर्मचाऱ्यांच्या तोंडी अजून ८५,००० आणि १,६०,००० हे आकडे सापडतात. ते मागे पडले आहेत. केवळ जुन्या मर्यादेवर बोट ठेवून कुणी परत पाठवले, तर तो नकार लेखी मागा.

पहिली पायरी: रुग्णालय धर्मादाय आहे का ते पाहा

नावात ‘ट्रस्ट’, ‘सेवा’ किंवा ‘फाउंडेशन’ असले म्हणजे रुग्णालय योजनेत आहेच असे नाही, आणि चकचकीत काचांची इमारत आहे म्हणून ते योजनेबाहेर आहे असेही नाही. राज्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादी मिळते. नाशिक विभागाचे सह धर्मादाय आयुक्त कार्यालय शहरातच आहे, तिथेही विचारता येते. संस्थेने ही यादी छापून जवळ ठेवावी. रात्री दोन वाजता कळवणहून ॲम्ब्युलन्स निघाली, तर कुठे न्यायचे हे तिथल्या तिथे ठरवता आले पाहिजे.

दुसरी पायरी: कागद

योजनेत आर्थिक स्थिती तपासण्यासाठी तहसीलदारांचा दाखला, रेशन कार्ड किंवा दारिद्र्यरेषेचे कार्ड हे कागद सांगितले आहेत. पिवळे किंवा केशरी कार्ड, रुग्णाचे आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी एवढे हातात असेल तर अर्ज लगेच करा. दाखला नसला तरी अर्ज थांबवू नका. ‘उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केला आहे, मिळताच सादर करतो’ असे अर्जातच लिहा आणि सेतू किंवा आपले सरकार केंद्राची पावती जोडा. दाखल्याला कायद्याने १५ दिवसांची मुदत आहे आणि रुग्ण तेवढे थांबू शकत नाही. तलाठ्याचा अहवाल आधी मिळवला तर तहसीलमधले काम लवकर होते. रुग्ण भरती असल्याचे रुग्णालयाचे पत्र त्यासोबत लावा.

काम अडते ते बहुतेक पुढच्या गोष्टींवर.

नव्या सुनेचे नाव सासरच्या कार्डात चढलेले नसते आणि माहेरच्या कार्डातून कमी झालेले असते. बाळंतपणाच्या गुंतागुंतीत हे हमखास आडवे येते. अशा वेळी माहेरचे कार्ड, लग्नाचा दाखला आणि सरपंच किंवा नगरसेवकाचे रहिवासी पत्र एकत्र जोडा. एकच कागद देऊन वाद घालत बसू नका. दुसरी अडचण नावातल्या फरकाची. आधारवर ‘सखुबाई’ आणि कार्डावर ‘सखू’ असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे स्वयंघोषणापत्र भरतीच्या दिवशीच द्या. तिसरी अडचण स्थलांतराची. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेल्या मजुराचे कार्ड गावी पेटीत असते. घरच्यांकडून सर्व पानांचे फोटो आणि कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक मागवून घ्या. मूळ कार्ड दोन दिवसांत आणून देतो, असे लेखी द्या.

तिसरी पायरी: अर्ज आणि पोच

धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो. खिडकीवर ‘एमएसडब्ल्यू कुठे बसतात?’ असे विचारा. कॅज्युअल्टीतले डॉक्टर किंवा वॉर्डातल्या सिस्टर हा निर्णय घेत नाहीत. त्यांच्याशी भांडण झाले तर नुकसान रुग्णाचेच होते.

अर्ज साध्या कागदावर, दोन प्रतींत लिहा. मजकूर एवढा पुरेसा आहे:

‘प्रति, वैद्यकीय समाजसेवक / वैद्यकीय अधीक्षक. माझे वडील (नाव, वय, नोंदणी क्रमांक) आज दि. … रोजी आपल्या रुग्णालयात भरती झाले आहेत. आमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न … रुपये आहे. कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना निर्धन रुग्ण म्हणून राखीव खाट व मोफत उपचार द्यावेत, ही विनंती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसत असल्यास तोही लाभ द्यावा. खाट शिल्लक नसल्यास किंवा अर्ज नामंजूर केल्यास कारण लेखी कळवावे. सोबत: …’

‘कारण लेखी कळवावे’ हे वाक्य कधीही गाळू नका. तोंडी नकार देणे सोपे असते. त्याखाली सही करायची वेळ आली की बऱ्याचदा खाट निघते.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज रुग्णालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा आणि मोबाइलमध्ये जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टनेही पाठवा. पावती फाइलला लावा.

तातडीचा रुग्ण असेल तर

अपघात, हृदयविकार, सर्पदंश किंवा अडलेली बाळंतीण असेल तर कागद नंतर. योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने अशा रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचे नाही. पुढे सरकारी रुग्णालयात हलवावे लागलेच, तर वाहनाची सोयही त्यानेच करायची. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा निकालात जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती निकालाने तातडीचे उपचार नाकारणाऱ्या सरकारी रुग्णालयांनाही जबाबदार धरले.

अशा धांदलीत नातेवाइकांपुढे एक कागद ठेवला जातो: ‘आम्ही रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत.’ रुग्णालयात याला ‘डामा’ म्हणतात. पैसे नाहीत म्हणून न्यावे लागत असेल तर यावर नुसती सही करू नका. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘डिपॉझिट भरू न शकल्यामुळे न्यावे लागत आहे.’ या एका ओळीमुळे पुढची तक्रार उभी राहू शकते. ती नसेल तर रुग्ण स्वेच्छेने गेल्याची नोंद राहते आणि वकीलही फार काही करू शकत नाही.

जन आरोग्य योजना आधी की धर्मादाय?

दोन्ही एकत्र मागा. महात्मा फुले योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. पण ती ठरावीक उपचारांपुरती आणि अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील केलेल्या, रुग्णालयांपुरती आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. तो भेटत नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. आजार ‘योजनेत बसत नाही’ असे उत्तर आले की धर्मादायचा अर्ज उपयोगी पडतो, कारण तिथे आजारांची अशी यादी नाही. अनेक कुटुंबे पहिला नकार ऐकूनच परत फिरतात, याचे फार वाईट वाटते.

राखीव खाट खरोखरच भरलेली असेल आणि रुग्णाला हलवता येत असेल, तर जिल्हा शासकीय रुग्णालय आणि शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय हे पर्याय धरून ठेवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क आहेत.

चौथी पायरी: बिल वाचणे

अर्ज मंजूर झाला म्हणजे काम संपले असे नाही. निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, रुग्णालय देत असल्यास जेवण, चादरी, पाणी, वीज आणि साफसफाई यांचे पैसे लागतच नाहीत. डॉक्टरांनी आपली फी सोडायची असते. औषधे, सलाइन-सुया असे साहित्य आणि इम्प्लांट यांचे पैसे लावले जातात, पण रुग्णालयाच्या खरेदीच्या दराने, आणि तेही निधीतून वळते होतात. बाकीच्या तपासण्या व शस्त्रक्रियेला सर्वात खालच्या वर्गाचा दर लागतो. निर्धन रुग्णाच्या हातात येणारे बिल शून्याचे असले पाहिजे.

दुर्बल घटकातल्या रुग्णाचे गणित वेगळे आहे. समजा औषधे आणि इम्प्लांटवर छापील किंमत ४०,००० रुपये आहे आणि रुग्णालयाने ते २४,००० रुपयांना घेतले. हिशेब २४,००० वर व्हायला हवा आणि त्यातला किमान निम्मा भाग, म्हणजे १२,००० रुपये, रुग्णाने द्यायचा. छापील किमतीवर ‘५० टक्के सूट’ देऊन २०,००० मागितले जात असतील, तर सवलतीचा शब्द वापरूनच ८,००० रुपये जास्त घेतले जात आहेत. म्हणून एकरकमी आकडा स्वीकारू नका, तपशीलवार बिल मागा आणि खरेदीदराने आकारणी झाल्याचे त्यावर लिहून घ्या.

बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगितलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिले रोज फाइलला लावा. मोफत उपचारांच्या नावाखाली खर्च बाहेर ढकलला जातो तो याच वाटेने.

‘निधी संपला’ हे उत्तर बरेचदा मिळते. निधीत तूट असेल तर रुग्णालयाने ती देखरेख समितीपुढे मांडायची असते. खाट, नर्सिंग, डॉक्टरांची फी या गोष्टींचा तर निधीशी संबंधच नाही. तेव्हा निधी संपल्याचे लेखी मागा आणि निदान या बाबी बिलातून काढायला लावा.

पाचवी पायरी: ऐकले नाही तर

पोच जोडून तक्रार नाशिकच्या सह धर्मादाय आयुक्तांकडे द्या. योजनेवर देखरेख करणारी समिती त्यांच्याच पातळीवर असते. तक्रार एका पानात मांडा: भरतीची तारीख व वेळ, अर्जाची तारीख व वेळ, मिळालेले उत्तर, मागितलेली रक्कम, आणि शेवटी नेमकी मागणी. ‘न्याय द्यावा’ असे मोघम लिहू नका. ‘रुग्ण अजून भरती आहे, आजच खाट राखीव म्हणून नोंदवण्याचे निर्देश द्यावेत’ असे लिहा. रुग्ण भरती असताना केलेल्या तक्रारीला जेवढा वेग येतो तेवढा डिस्चार्जनंतर येत नाही, म्हणून टपालाची वाट न पाहता कुणीतरी स्वतः जा.

त्याच दिवशी सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी राज्यात ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते, त्यामुळे सटाणा किंवा येवल्याच्या माणसाने नाशिकला यायलाच हवे असे नाही. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. याच कायद्यात रुग्णालयाची सेवा ‘लोकोपयोगी सेवा’ मानली आहे, म्हणून वाद स्थायी लोक अदालतीपुढेही नेता येतो. अर्ज कुठे करायचा ते प्राधिकरणात सांगतात. अगदीच अडले तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

बिलासाठी मृतदेह अडवून ठेवला असेल तर ताबडतोब पोलिसांना आणि शहरात महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला कळवा. राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार असे करता येत नाही.

उपचारात निष्काळजीपणा झाला असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. मुदत २ वर्षांची. ‘फुकट उपचार घेतले, मग ग्राहक कसले?’ या आक्षेपाला सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच उत्तर दिले आहे: जे रुग्णालय इतरांकडून पैसे घेते, तिथे मोफत उपचार घेणाराही ग्राहकच ठरतो.

संस्थांनी वर्षभर करायचे काम

एकेका रुग्णामागे धावताना जो वेळ जातो, तो थोडा वाचवता येतो. सह धर्मादाय आयुक्त कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा (दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ), विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. एका रुग्णालयाची गेल्या सहा महिन्यांची मासिक विवरणपत्रे मागा: एकूण खाटा, राखीव खाटांवरचे रुग्ण, निधीत जमा आणि खर्च. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. माहिती कुणाच्या जिवाशी थेट जोडलेली असेल तर ४८ तासांची. पण तसे अर्जाच्या पहिल्याच ओळीत कारणासह लिहावे लागते. निधी दर महिन्याला शिल्लक दिसत असेल आणि खिडकीवर ‘संपला’ असे सांगत असतील, तर ही विवरणपत्रे पुढच्या प्रत्येक तक्रारीला जोडा.

डिस्चार्जनंतर केसपेपर, तपासण्या आणि उपचाराच्या नोंदींच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार त्या ७२ तासांत द्याव्या लागतात आणि नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात. ही फाइल रुग्णाच्या घरी, रेशन कार्डाच्याच पिशवीत ठेवायला सांगा. फेरतपासणीला किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेला जाताना जुन्या मंजुरीची झेरॉक्स नव्या अर्जाला जोडायची असते.