पोर्टफोलिओ सॉफ्टवेअर निवडताय? नुसत्या डेमोवर भाळू नका

जुलै आला की आम्हा म्युच्युअल फंड वितरकांकडे भांडवली नफ्याच्या रिपोर्टची घाई सुरू होते. २०२५च्या जुलैमध्ये माझ्याकडच्या एका काकूंच्या सीएंचा फोन आला. "या युनिट्सची खरेदी डिसेंबर २०२३ची कशी? यांच्या मिस्टरांनी तर २०१३ला घेतली होती ना?"

फाईल उघडली आणि पोटात गोळा आला. काका गेल्यावर त्यांच्या इक्विटी फंडाची युनिट्स काकूंच्या नावावर ट्रान्समिट, म्हणजे वारस म्हणून वर्ग, झाली होती आणि सॉफ्टवेअरने तीच तारीख खरेदीची धरली होती. सप्टेंबर २०२४मध्ये काकूंनी युनिट्स विकली, म्हणून रिपोर्टमध्ये सगळा नफा अल्पमुदतीचा, २० टक्के करवाला. वारसाहक्काने आलेल्या युनिट्सना मूळ धारकाचीच तारीख आणि खरेदी किंमत लागते. म्हणजे हा नफा दीर्घमुदतीचा. त्यातल्या पहिल्या सव्वा लाखावर कर नाही, पुढच्या रकमेवर साडेबारा टक्के. शिवाय खरेदी ३१ जानेवारी २०१८च्या आधीची, त्यामुळे त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, हीही हिशेबात घ्यायला हवी. समजा २० रुपयांना घेतलेलं युनिट त्या दिवशी ५० रुपयांना होतं आणि आता ९०ला विकलं, तर करासाठी नफा ४० रुपये धरायचा, ७० नाही. सीएंनी वेळेत पकडलं म्हणून काकूंचे पैसे वाचले. पण त्या रिपोर्टवर नाव माझ्या ऑफिसचं होतं.

ते सॉफ्टवेअर मी तीन डेमो बघून निवडलं होतं. रंगीत आलेख, ग्राहकांसाठी ॲप, रिपोर्टवर आपला लोगो, वर्षाचा दर. एवढंच बघितलं. डेमोतला ग्राहक नेहमी सरळ असतो: दरमहा एसआयपी, एकही चेक परत गेलेला नाही, घरात कुणी वारलेलं नाही. आपल्याकडचे ग्राहक असे नसतात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, तुलना करायची तर आपल्याकडच्या सगळ्यात अवघड फाईलींवर करा.

कोणत्या फाईली चालवून बघायच्या

एक ट्रान्समिशनची. एक अज्ञानाच्या नावाची, जो आता सज्ञान झालाय. एक एसटीपी, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात ठरावीक रक्कम वळती करणं, सुरू असलेली. आणि एक दुसऱ्या वितरकाकडून आपल्याकडे आलेली, ही तर हवीच. एआरएन (वितरकाचा नोंदणी क्रमांक) बदलल्यावर सॉफ्टवेअरमध्ये रोज येणाऱ्या व्यवहारांच्या फीडमध्ये पुढचेच व्यवहार येतात. मागची दहा वर्षं बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'ओपनिंग बॅलन्स' अशा एका ओळीत बसवली जातात, तारीख आणि एनएव्ही बदलाच्या दिवसाची. त्यावरून काढलेला परतावाही चुकतो आणि करही. यावर उपाय आहे. ग्राहकाला सुरुवातीपासूनचं तपशीलवार सीएएस (सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट) मागवायला सांगा, फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या साइटवरून ते नोंदणी केलेल्या ईमेलवर येतं. ते सॉफ्टवेअरला वाचता येतं का आणि जुने व्यवहार आपापल्या तारखेला बसतात का, हे समोर बसून बघा. बसत नसतील तर ते नाव यादीतून काढा.

शेअर्सही सांभाळत असाल तर जुलै २०२३चा एचडीएफसीच्या विलीनीकरणाचा व्यवहार तपासा. एचडीएफसी लिमिटेडच्या २५ शेअर्सना एचडीएफसी बँकेचे ४२ मिळाले. जुनी किंमत आणि तारीख नव्या शेअर्सवर आली का, की किंमत शून्य दिसतेय?

ट्रायलसाठी खरी फाईल देण्याआधी ग्राहकाची परवानगी घ्या आणि कंपनीकडून गोपनीयतेचा करार सही करून घ्या. पॅन झाकता आला तर झाका.

परताव्याचा आकडा

दरमहा १०,००० रुपये बारा महिने भरले आणि वर्षाअखेर १,२६,००० झाले. एक सॉफ्टवेअर ५ टक्के दाखवेल, दुसरं सुमारे ९.४ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. पहिला भरलेल्या रकमेवरचा एकूण परतावा, दुसरा एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक परतावा, कारण शेवटचा हप्ता जेमतेम महिनाभरच गुंतलेला होता. अडचण तेव्हा येते जेव्हा रिपोर्टवर नुसतं 'रिटर्न' लिहिलेलं असतं आणि ग्राहक तो आकडा बँकेच्या एफडीशी ताडून बघतो. कोणता आकडा कुठे छापायचा हे आपल्याला ठरवता आलं पाहिजे. निर्देशांकाशी तुलना असेल तर तो लाभांश धरणारा टीआरआय आहे ना, एवढं विचारून घ्या.

युनिट्स जुळत नसतील तर

आधी रुपये बघू नका, युनिट्स बघा, दशांशानंतरचे तीनही आकडे. सीएएसपेक्षा सॉफ्टवेअरमध्ये युनिट्स जास्त असतील तर पहिला संशय परत गेलेल्या एसआयपीवर घ्या. खरेदीची ओळ आत आली आणि ती रद्द झाल्याची ओळ राहिली, असं होतं. तसं नसेल तर एकच मेलबॅक फाईल (कॅम्स-केफिनटेककडून ईमेलने येणारी व्यवहारांची फाईल) दोनदा चढलीय का बघा. युनिट्स तंतोतंत जुळतात पण गुंतवलेली रक्कम काही रुपयांनी मागे पडते? मग ती बहुधा मुद्रांक शुल्काची गंमत असते. १ जुलै २०२०पासून खरेदीवर ०.००५ टक्के शुल्क कापलं जातं, म्हणजे १०,००० मागे पन्नास पैसे. काही सॉफ्टवेअर कापून उरलेली रक्कम दाखवतात. त्यात काही बिघडलेलं नाही, ग्राहकाला समजावून सांगितलं की झालं.

बाहेर पडायची वाट

पैसे भरण्याआधी विचारा: उद्या सोडायचं ठरवलं तर सगळ्या ग्राहकांचे सगळे व्यवहार, तारीख-एनएव्ही-युनिट्ससकट, एक्सेलमध्ये मिळतील का? नुसता शिल्लकेचा गोषवारा मिळणार असेल तर पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा तोच ओपनिंग बॅलन्सचा घोळ होणार. हे उत्तर लेखी घ्या. दराची घासाघीस त्यानंतर करा.

सध्या माझ्याकडे दोन सॉफ्टवेअर ट्रायलवर आहेत. दोन्हींत परवानगी घेऊन सगळ्यात आधी काकूंची फाईल चढवली. एकात खरेदी २०१३ची आली. दुसऱ्यात डिसेंबर २०२३. सपोर्टला फोन केला तर म्हणाले, "तारीख तुम्ही हाताने बदलून घ्या ना सर." माझ्याकडे ट्रान्समिशनच्या अशा चौदा फाईली आहेत.