बूट चावत असतील तर आधी दुखरी जागा नेमकी शोधा

बूट चावू लागले की ते घट्टच आहेत असे आपण धरून चालतो आणि ते सैल कसे करायचे याच्या मागे लागतो. टाचेवरचा फोड मात्र पुष्कळदा बूट सैल असल्यामुळे येतो, कारण प्रत्येक पावलागणिक टाच आत वरखाली सरकते आणि कातडी त्याच जागी घासली जाते. मी स्वतः ही चूक केली आहे. उजवी टाच सोलवटते म्हणून मी बुटाची मागची बाजू दाबून दाबून मऊ केली आणि दोन दिवसांत फोड आणखी मोठा झाला. अखेर तो बूट बरा झाला तो केवळ लेस बांधण्याची पद्धत बदलल्याने.

म्हणून कोणताही उपाय करण्याआधी संध्याकाळी, म्हणजे दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचेच मोजे घालून घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटे चाला आणि बूट काढताच पावलावर लाली कुठे आली आहे ते पाहा. त्याच जागी बुटाच्या आत बोट फिरवा. एखादी जाड शिवण, अस्तराची घडी किंवा आतल्या तळाची वर आलेली कड बोटाला लगेच जाणवते. नंतर आतला सुटा तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल, तर बूट अरुंद आहे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरत नसेल, तर बूट आखूड आहे. रुंदी थोडीफार वाढवता येते, लांबी जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे आखूड बुटावर कष्ट न घेता तो बदलून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाच सरकत असेल तर लेस सर्वांत वरच्या छिद्राच्या आधीच्या छिद्रापर्यंत नेहमीप्रमाणे आणा. तिथून ती समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या वरच्या छिद्रात घाला, म्हणजे दोन छिद्रांच्या मध्ये एक लहान फासा तयार होतो. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवा, टाच मागे नीट टेकवून दोन्ही टोके खाली ओढा आणि मग गाठ मारा. घोटा आवळला जातो, पण बोटांवर ताण येत नाही. पावलाचा वरचा उंचवटा दुखत असेल तर नेमक्या त्या जागेवर लेसची फुली पडू देऊ नका. तेवढ्यापुरती लेस दोन्ही कडांनी सरळ वर न्या आणि पुढे पुन्हा फुल्या घाला.

अरुंद बूट अस्सल चामड्याचा असेल तर तो हळूहळू पायाचा आकार घेतो. जाड मोजे घालून रोज अर्धा-पाऊण तास घरात वापरा आणि दुखायला लागण्याआधी काढा. एकाच जागी, उदाहरणार्थ करंगळीपाशी किंवा अंगठ्याच्या मुळाशी, दाब येत असेल तर बूट दुरुस्त करणारा अनुभवी कारागीर लाकडी साच्यावर तेवढाच भाग ताणून देऊ शकतो. रबर आणि कृत्रिम चामडे फारसे ताणले जात नाही. पाण्याची पिशवी बुटात ठेवून ती गोठवण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते हे खरे, पण तो जोर कुठे पडेल हे आपल्या हातात नसते आणि शिवण उसवू शकते, म्हणून मी तो सुचवणार नाही. बूट तापवणेही टाळा, कारण उष्णतेने चामडे कोरडे पडते आणि डिंक सुटतो.

सैल बुटात जाड तळ घालताना काळजी घ्या. त्यामुळे अख्खे पाऊल वर उचलले जाते आणि टाच अधिकच सुटी पडू शकते. त्यापेक्षा लेसखालच्या जिभेला आतून चिकटवलेली पातळ गादी पाऊल मागे ढकलते. चवड्याखाली आग होत असेल तर गादी दुखऱ्या जागेखाली न ठेवता तिच्या किंचित मागे ठेवावी, म्हणजे भार वाटला जातो.

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलवटते, म्हणून लांब चालायचे असेल तर लोकरीचे किंवा मिश्र धाग्यांचे मोजे बरे. फोड आलाच तर तो फोडू नका. झाकून ठेवा आणि तो बरा होईपर्यंत ते बूट घालू नका. मधुमेह असलेल्यांनी, किंवा पायाला बधिरपणा जाणवणाऱ्यांनी, फोड लहान दिसला तरी तो डॉक्टरांना दाखवावा, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला जखम चिघळेपर्यंत कळत नाही.