सर्व्हरवर नवीन जावा टाकल्यावर पीडीएफ निघेनात तर आधी हे बघा

जावा ८ वरून ११ किंवा १७ वर गेलात आणि काल धडाधड निघणारी इन्व्हॉइस, लेटर आज निघेनाशी झाली, तर लगेच टेम्प्लेट उघडून बदलत बसू नका, बिचाऱ्याचा दोष बहुतेक नसतोच.

पहिलं काम म्हणजे लॉग, आणि त्यात सगळ्यात खालची 'कॉज्ड बाय' (म्हणजे एररचं मूळ कारण) ही ओळ वाचा, वरच्या पन्नास ओळी नुसता गोंधळ असतो. तिथे क्लास सापडत नाही अशी एरर आणि जॅक्सबीचं (एक्सएमएल वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) नाव दिसलं तर कारण सरळ आहे, जावा ११ मधून जॅक्सबी काढूनच टाकलंय, त्याची जार (लायब्ररीची फाइल) वेगळी टाकावी लागते. टॉमकॅटपण (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) सोबत ९ वरून १० केला असेल तर त्यातल्या जावाएक्स (javax) पॅकेजची नावं जकार्ता (jakarta) झालीत, म्हणजे जुनी वॉर फाइल (ॲपचं पॅकेज) तशीच टाकून चालणार नाही, जावाला उगाच शिव्या देऊ नका.

डॉक्युमेंट निघतंय पण अक्षरांऐवजी चौकोन येतायत? मग फॉन्ट. ओरॅकलच्या जेडीकेमध्ये ११ पासून फॉन्ट येतच नाहीत, सिस्टमवरचे वापरले जातात, आणि लिनक्स सर्व्हरवर किंवा छोट्या डॉकर इमेजमध्ये (ॲप चालवायच्या तयार पॅकेजमध्ये) बऱ्याचदा एकही नसतो, तेव्हा फॉन्टकॉन्फिग (सिस्टमवरचे फॉन्ट शोधून देणारी लायब्ररी) आणि लागणारे फॉन्ट टाकून सर्व्हिस रीस्टार्ट करा.

तारखेचा फॉरमॅट बदलला असेल तर ते जावा ९ पासूनच्या नव्या लोकेल डेटामुळे (भाषा-देशानुसार तारीख कशी लिहायची याची माहिती), टेम्प्लेटमध्ये तारखेचा पॅटर्न स्वतः लिहून टाका की झालं.