‘ऑटो साइझ’ दाबण्याआधी

देवगडला माझं विजेच्या कामांचं छोटं कॉन्ट्रॅक्टिंग आहे. बागायतदारांची घरं, होमस्टे, एखादा बर्फाचा कारखाना. डीबीची, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेटीची, डिझाइनं हल्ली लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्येच करतो. लोड भरून ‘ऑटो साइझ’ दाबलं की एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच), केबल सगळं निवडून येतं, शेजारी हिरव्या खुणांसकट. त्या हिरव्या खुणांवर मी एकदा डोळे मिटून विश्वास ठेवला.

काम होतं कलमांच्या बागेतल्या पॅकिंग शेडचं. घरच्या डीबीपासून शेड १२० मीटर, तिथे १६ अँपियरचा सॉकेट. मी लोड १ किलोवॅट भरला आणि लांबीचा रकाना तसाच सोडला. त्यात आधीपासून १० मीटर होते. उत्तर आलं: सी१६ (सी कर्व्हचा, १६ अँपियरचा) एमसीबी, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल. यादी हातात घेऊन वायरमन म्हणाला, “दादा, धा मीटरात शेड खय येतली?”

खरी लांबी भरली आणि खूण लाल झाली. हिशेब कागदावरही होतो. जाऊन-येऊन वायर २४० मीटर, रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे १.७८ ओहम. शेडमध्ये फेज-न्यूट्रल शॉर्ट झालं तर करंट जेमतेम १२९ अँपियर. सी कर्व्हचा एमसीबी झटक्यात पडेलच याची खात्री रेटिंगच्या १० पटीला, म्हणजे १६० अँपियरला. त्याखाली बायमेटल (एमसीबीतली तापून वाकणारी पट्टी) तापायची वाट बघायची, तोवर केबल तापते. गंमत म्हणजे १ किलोवॅटला व्होल्टेज ड्रॉप (वायरीत घटणारं व्होल्टेज) साडेतीन टक्क्यांच्या आतच होता. नुसता ड्रॉप बघितला असता तर कळलंच नसतं.

बी१६ (बी कर्व्ह, ५ पटीला नक्की पडणारा) घेतला तर ८० अँपियरला काम भागतं. पण त्या सॉकेटवर ग्रेडिंग मशीनची मोटर लागायची होती, सुरू होताना बी कर्व्ह पाडलाच असता. म्हणून केबल ४ चौरस मिलिमीटर केली. करंट २०८ अँपियर, तापलेली केबल धरली तरी १७०च्या वर.

आता बटणाआधी आणखी दोन रकाने भरतोच. पहिला फॉल्ट लेव्हलचा, म्हणजे शॉर्ट झालं तर तिथे जास्तीत जास्त किती करंट येऊ शकतो त्याचा. १०० केव्हीएचा, साडेचार टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या टर्मिनलवरच सुमारे ३ किलोअँपियर मिळतात. रकान्यात आधीपासूनचे २५ किलोअँपियर तसेच ठेवले की सॉफ्टवेअर महागडे ब्रेकर सुचवतं आणि गिऱ्हाईक आपल्यालाच लुटारू समजतं.

दुसरा अर्थिंगचा. घराचा स्वतःचा अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा) असेल तर टीटी ही पद्धत निवडा. मे महिन्यात जांभा कोरडाठाक पडतो. पिट २० ओहम असला तर अर्थ फॉल्टला फार तर साडेअकरा अँपियर वाहतील, सी१६ला त्याचा पत्ताही लागणार नाही. तिथे सॉकेटसाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. टीएन-एस (अर्थची वेगळी तार थेट ट्रान्सफॉर्मरपासून येते ती पद्धत) निवडलेलं राहिलं तर सॉफ्टवेअर त्याच्याशिवायही पास करू शकतं.

तापमानाचं थोडक्यात: एमसीबीचं रेटिंग ३० अंशांचं असतं. पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या डीबीला ४५ तरी भरा.

आणि हाताने बदललेला एमसीबी ‘लॉक’ होतो. नंतर केबल कितीही बदला, ऑटो साइझ त्याला हात लावत नाही. मी शेवटी सगळी लॉक काढतो, बटण पुन्हा दाबतो आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघतो.