किनाऱ्यावरच्या गावात उन्हाळ्यात घर घेण्यापूर्वीची तयारी

अनेक वालुकामय किनाऱ्यांवर शांत हंगामात पुळण सर्वांत रुंद दिसते. संथ लाटा वाळू काठावर आणून टाकतात आणि वादळी हंगामातल्या उंच लाटा तीच वाळू ओढून नेऊन पाण्याखाली तिचे दांडे रचतात. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात घर पाहायला आलेल्या माणसाला घर आणि पाणी यांच्यामध्ये जे अंतर दिसते, ते बहुधा वर्षभरातले सर्वांत मोठे अंतर असते. अशा गावातल्या घरांच्या बाजाराचेही तसेच आहे. गर्दी, भाडी, मागणी आणि रंगरंगोटी हे सारे एकाच वेळी भरात असते आणि विक्रेता किंमत सांगतो ती या भरातल्या दिवसांची. त्या किमतीत उरलेले महिने धरलेले नसतात. ते आपल्याला धरता यावेत एवढ्यासाठीच ही तयारी करायची आहे.

पहिली तयारी घरी बसून, हंगाम सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी करावी. कर्ज घ्यायचे असेल तर बँकेकडून किती रक्कम मिळेल याची तत्त्वतः मंजुरी हातात असावी आणि इमारतीची तपासणी करणारा जाणकार अभियंता, तसेच कागदपत्रे पाहणारा वकील आधीच ठरवून ठेवावा. उन्हाळ्यात सगळे खरेदीदार याच लोकांच्या मागे असतात, त्यांची वेळ मिळत नाही आणि मग ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ एवढ्या एका वाक्यावर तपासणीविना सौदा होतो. हे वाक्य खरेही असू शकते. पण तपासणारा माणूस दोन दिवसांत येऊ शकत असेल, तर त्या वाक्याला उत्तर देता येते.

दुसरी तयारी आकड्यांची आहे आणि तिला सवडीने वेळ द्यावा. गावात विक्रीस असलेल्या घरांची संख्या भागिले महिन्याला विकल्या जाणाऱ्या घरांची संख्या, म्हणजे किती महिन्यांचा साठा आहे ते कळते. साधारणपणे सहा महिन्यांच्या आसपासचा साठा म्हणजे समतोल बाजार, त्याहून बराच कमी असेल तर विक्रेत्याचे पारडे जड, असा ढोबळ संकेत आहे. परंतु हंगामी गावात हा भागाकार फसवतो. समजा, 60 घरे विक्रीला आहेत. उन्हाळ्याच्या एका महिन्यात 20 घरे विकली गेली, तर साठा फक्त तीन महिन्यांचा दिसतो. पण वर्षभराची सरासरी महिन्याला 8 घरांची असेल, तर खरा साठा साडेसात महिन्यांचा आहे. त्याच गावात, त्याच दिवशी, एका हिशेबाने घाई करावी लागते आणि दुसऱ्या हिशेबाने किमतीवर बोलायला भरपूर वाव असतो. म्हणून मागील बारा महिन्यांचीच सरासरी धरावी.

सरासरी किमतीबाबतही असाच सावधपणा हवा. उन्हाळ्यात समुद्रासमोरची महाग घरे तुलनेने जास्त विकली जात असतील, तर एकाही घराची किंमत न वाढता गावाची सरासरी चढते. चालू महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, सरासरीऐवजी मधली किंमत, म्हणजे सगळ्या किमती चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी, पाहावी आणि शक्यतो एकाच रांगेतल्या, सारख्या आकाराच्या घरांचे प्रत्यक्ष नोंदणी झालेले व्यवहार शोधावेत. जाहिरातीतला आकडा ही विक्रेत्याची इच्छा असते, नोंदणीतला आकडा हा दोघांनी मान्य केलेला भाव असतो. घर किती दिवसांपासून विक्रीला आहे हेही विचारावे. जाहिरात मध्येच काढून ती नव्याने लावली की दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून शेजाऱ्यांना विचारलेले बरे.

घर भाड्याने देऊन हप्ता भागवण्याचा विचार असेल, तर ऐन हंगामातल्या आठवड्याच्या भाड्याला 52 ने गुणू नये. हंगामाचे खात्रीचे आठवडे किती, ते आधीच्या मालकाच्या प्रत्यक्ष पावत्यांवरून मोजावे, साफसफाई, देखभाल, व्यवस्थापकाचे कमिशन आणि कर वजा करावेत आणि उरलेले महिने रिकामे धरूनच हप्ता पेलतो का ते पाहावे. थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यास स्थानिक प्रशासनाची आणि सोसायटीची परवानगी आहे का, हे लेखी घ्यावे.

आता घराची पाहणी. माझ्या मते इथेच सर्वाधिक पैसा वाचतो किंवा बुडतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरत जाऊन आतल्या सळईवरचे संरक्षक आवरण मोडते. सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढू शकते आणि त्या दाबाने काँक्रीट आतून फुटते. नुकताच रंग दिलेल्या घरात हे डोळ्यांना दिसत नाही. एका सुंदर घरात दिवाणखान्यातून समुद्र पाहून आम्ही सगळे हरखलो होतो. मी बाल्कनीत जाऊन वरच्या स्लॅबच्या तळाशी लहान हातोडीने हलकेच ठोकत गेलो. भिंतीजवळ टणक, खणखणीत आवाज येत होता आणि कठड्याच्या बाजूला हातभर पट्ट्यात एकदम भद्द, पोकळ आवाज येऊ लागला; तिथला कोरा रंग बाजूने पाहिला तेव्हा त्याखाली सळईच्या रेषेत जाणारी केसासारखी चीर दिसली. खालच्या दाराच्या बिजागरीच्या स्क्रूखाली भिंतीवर तपकिरी ओघळ होता, तेवढा मात्र रंगवायचा राहून गेला होता. असे ओघळ, ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या खालच्या कडेला जमलेली पांढरी भुकटी, समुद्राकडच्या भिंतीला लागलेला लोणा आणि त्या भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या आतला कुबट वास या चार गोष्टी स्वतः पाहाव्यात, मग अभियंत्याला नेमके बोट दाखवून विचारावे. दुरुस्तीचा अंदाज त्याच्याकडून लेखी घ्यावा आणि किमतीची बोलणी त्या कागदावर करावीत.

पाणी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे असेल, तर त्याची तपासणी हंगामाच्या शेवटी करावी, सुरुवातीला करू नये. किनाऱ्यालगत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि दोन्हींच्या घनतेतील फरकामुळे, समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर तिच्याखाली सुमारे 40 मीटर गोडे पाणी असते, असे ढोबळ गणित आहे. उलट बाजूने पाहिले, तर गर्दीच्या दिवसांत उपसा वाढून वरची पातळी एक मीटर खाली गेली आणि तशीच राहिली, की खालचे खारे पाणी कालांतराने 40 मीटरने वर सरकू शकते. त्यामुळे ऐन गर्दीनंतरचे पाणी गोडे असेल, तरच ते भरवशाचे समजावे. सांडपाण्याच्या टाकीची क्षमताही घर पूर्ण भरलेले असताना पुरते का, ते विचारून घ्यावे.

पुराच्या धोक्याबाबत ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी निर्धास्त होऊ नये. दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर 30 वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते. त्यात जगभरातील समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटर वाढली आहे आणि वाढीचा वेग अलीकडच्या दशकांत जास्त आहे. जोत्याची उंची, जुन्या पुराच्या खुणा आणि रस्त्याची पातळी यांची नोंद करावी. घर कोरडे राहिले तरी रस्ता बुडाला तर घर गाठता येत नाही. विम्याचे दरपत्रक विसार देण्याआधी मागवावे, कारण अनेक ठिकाणी साध्या घरविम्यात पूर धरलेला नसतो आणि वादळ जवळ आले की नवी विमापत्रे देणे तात्पुरते थांबवले जाते. विमा मिळत नसेल तर बहुतेकदा कर्जही मिळत नाही.

कागदपत्रांत मालकी हक्क आणि बोजा तर वकील पाहीलच. आपण खास करून विचारायचे ते असे: भरतीरेषेपासून किती अंतरात बांधकामास मनाई आहे, उभे असलेले बांधकाम त्या नियमात बसते का, वादळात पडले तर तिथेच पुन्हा बांधता येईल का आणि समुद्राकडे जाणारी वाट घराच्या हक्कात आहे की शेजाऱ्याच्या सौजन्यावर चालू आहे.

विसार देण्यापूर्वी एक फेरी अमावास्येनंतर किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाच्या भरतीच्या वेळी जरूर करावी. लागोपाठच्या दोन भरत्यांत साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असल्यामुळे वेळ रोज सरकते, म्हणून भरतीचे कोष्टक पाहूनच निघावे आणि सोबत एजंटला नेऊ नये. पाणी कुठवर येते, गटारातून उलटे येते का, अंगणाच्या कोपऱ्यात ओल फुटते का, हे अर्धा तास उभे राहून पाहावे आणि छायाचित्रांवर तारीख-वेळ घालून ठेवावी. त्यानंतरच करारात अशी अट घालून घ्यावी की इमारतीची तपासणी, पाण्याचा अहवाल किंवा विमा यांपैकी काहीही ठरलेल्या मुदतीत समाधानकारक मिळाले नाही, तर विसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल. आणि ती मुदत हंगाम संपल्यानंतरच्या तारखेपर्यंत मागून पाहावी.