जाहीरनामा वाचताना पेन हातात घ्या
आधी आपल्याला खरंच महत्त्वाचे दोन-तीन मुद्दे कागदावर लिहा, मगच उमेदवाराचा जाहीरनामा उघडा, नाहीतर त्यांच्या लांबलचक यादीत आपलंच राहून जातं. मी प्रत्येक आश्वासनासमोर लिहिते, हे करायचे अधिकार या पदाला आहेत का, पैसा कुठून येणार, कधीपर्यंत. समजा 'सगळ्यांना चोवीस तास पाणी' म्हटलंय, पण पाणी आणणार कुठून, पाइपलाइनचा खर्च किती, टॅक्स वाढणार की दुसरीकडचा निधी कापणार यातलं अक्षरही नसेल तर ती नुसती इच्छा झाली हो, प्लॅन नाही! संसदेचा उमेदवार गल्लीतल्या गटारांबद्दल बोलत असेल तर ते काम बहुतेक स्थानिक संस्थेचं असतं. आणि आधी निवडून आलेला असेल तर भाषणं राहू द्या, सभागृहात कशाच्या बाजूने मत दिलं ते शोधा.